उन्हाकडे पाठ केलेली बाग

आत्या: सगळीच गेली का रे दादा? बसमधून येताना पाहिलं, खालच्या पट्टीतला सगळा बहर काळा पडलाय.

वडील: माझी गेली. शेजाऱ्यांचीही गेली. परवा रात्री कडाक्याची थंडी पडली आणि सफरचंदाच्या फुलांवर बर्फच धरला.

आत्या: आणि पोरीची? वरच्या उतारावरची?

वडील: चहा घे आधी.

आत्या: चहा राहू दे. तिचीही गेली असेल तर सरळ सांग.

वडील: एकही कळी काळी पडलेली नाही.

आत्या: काय सांगतोस! त्याच जागेवरून तू तिच्याशी बोलणं टाकलं होतंस ना?

वडील: महिनाभर. म्हणजे थोडं जास्तच. एवढी शिकून आली आणि मागितला कुठला उतार, तर उन्हाकडे पाठ असलेला! मी म्हटलं, लोक उन्हासाठी जीव टाकतात आणि तू सावलीत बाग लावणार? तिनं शांतपणे समजावलं. समुद्र आपल्यापासून लांब. जवळ असता तर रात्रीची हवा त्यानं जरा उबदार ठेवली असती. मधे डोंगरांची रांग, ढग पलीकडेच रिकामे होतात. इकडे आभाळ मोकळं, त्यामुळे दिवसाची ऊब रात्री टिकत नाही. आणि थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि आमच्या सपाट पट्टीत येऊन साचते.

आत्या: तुला तर तोंडपाठ आहे की.

वडील: तेव्हापासून डोक्यात घोळतंय. भांडताना ऐकलेलं माणूस विसरत नाही.

आत्या: पण सावली कशाला हवी?

वडील: तिथली माती उशिरा तापते, झाडं उशिरा जागी होतात. आमची झाडं चार उबदार दिवस बघून हुरळली, फुलून बसली. तिची अजून झोपेत होती. मालकिणीवर गेलीत.

आत्या: हसतोयस खरा, पण डोळे सुजलेत तुझे.

वडील: काल सकाळी वर चढून गेलो. ती कळ्या चाचपत उभी होती. मला वाटलं, आता म्हणेल, सांगत होते ना मी. म्हणाली असती तरी ऐकून घेतलं असतं, हक्क होता तिचा. पण म्हणाली, बाबा, तुमची झाडं शाबूत आहेत, फक्त यंदाचा बहर गेला. आणि रडायला लागली. स्वतःची बाग वाचलेली असताना माझ्या बागेसाठी.

आत्या: मग तू काय म्हणालास?

वडील: म्हटलं, गार आहे, स्वेटर घाल.

आत्या: धन्य आहेस बाबा.

वडील: तिच्यासमोर तेवढंच सुचलं गं. पण खाली आल्यावर चहाच्या दुकानात तोंड उघडलं. सगळे माना खाली घालून बसले होते. कोणीतरी म्हणालं, पोरीचं नशीब जोरावर आहे. मी उभाच राहिलो. म्हटलं, नशीब नाही. तिनं डोंगर, वारा, ऊन, सगळं ओळखून जागा निवडली, आणि सख्खा बाप आडवा आला तरी हटली नाही.

आत्या: चारचौघांत बोललास? तू?

वडील: दोनदा. मागच्या बाकावरच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून.

आत्या: आणि तिला?

(लेक दारात चिखलाचे बूट काढते.)

लेक: आत्या, कधी आलीस? बाबा, बाहेर शेजारचे काका आलेत, आणखीही बरेच जण आहेत. नवी झाडं कुठे लावायची ते विचारायला आलेत. मी म्हटलं, बाबांना बोलावते.

वडील: मला कशाला? त्यांना तुलाच विचारायचंय.

लेक: तुम्ही मोठे आहात, तुमच्यासमोर मी कसं...

वडील: चल, मी पण येतो. मलाही तेच विचारायचंय.