कव्हरखालचा बारावा नंबर

...नाही नाही, मशीनला नावं ठेवू नका, मशीनचा दोष नव्हता! तुम्हाला सांगतो, मुलुंडच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात चार दिवस झाले, जो भेटतो तो विचारतो, "काय भिकाजी, तुझं कॉम्प्युटर बसलं म्हणे?" अरे, बसायला ती काय म्हैस आहे? एसीच्या खोलीत राहतं, माझ्यापेक्षा सुखात राहतं. मी घाटकोपरला मोठ्या भावाच्या दहा बाय बाराच्या खोलीत, माणसं सात, पाय सरळ केले की वहिनीचं पिंप वाजतं. लग्नाला तीन वर्षं झाली, पण बायकोशी दोन शब्द बोलायचे तर जिन्यात जावं लागतं... म्हणून तर हे सगळं!

झालं काय, कंपनीने भांडुपला क्वार्टर्स बांधली. खोल्या बारा. आमचे चंद्रप्रकाश साहेब म्हणाले, यावेळी वशिला नाही, अर्ज नवीन डेटाबेसमध्ये भरायचे, मशीन नंबर देईल, पहिले बारा नंबर आत. म्हटलं झकास. आणि डेटाबेस सांभाळायला कोण? मी! पण अर्ज भरणार पर्सोनेलची वनमाला तांडेल. पहिल्या दिवशी मी मशीनचं पोट साफ करत बसलो, अर्ज द्यायला पोचलो पाचला पाच कमी असताना. वनमाला म्हणाली, "ठेव रे तिथे, उद्या सुगंधा भरेल. मी उद्या नाही, नारळी पौर्णिमा आहे." ती माहुलची कोळीण, पौर्णिमेला नारळ सोडायचा की क्लार्की करायची? बरोबर आहे तिचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाने पहिला माझा अर्ज भरला, सेव्ह दाबलं, आणि सगळं गप्प. हूं नाही की चूं नाही. यादीला हात लावला की टर्मिनल थिजतं. आणि साहेबांना तीन वाजता यादी हेड ऑफिसला पाठवायची. ते धावत आले, "अरे भिकाजी, बंद करके चालू करो ना यार! मी घरी टीव्हीला तेच करतो." म्हटलं साहेब, हा टीव्ही नाही, कोणीतरी अर्धवट काहीतरी भरून ठेवलंय, बंद केलं तर ते पुसून जाईल. "किसका?" आता ते कळलं असतं तर मी असा घामाघूम उभा असतो का? ते पण एसीत!

तुम्ही नळावर पाणी भरलंय ना? एक बाई हंडा नळाखाली लावते आणि घरी आमटी बघायला जाते. हंडा भरत नाही, हलत नाही, मागे रांग. नळाला दोष देणार का? तसंच हे. मशीनचा दोष नव्हता. मी मशीनलाच विचारलं, बाई गं, कोणाचा हंडा? तर म्हणे, पाच नंबरच्या टर्मिनलवर कोणीतरी काम करतंय.

गेलो. पाच नंबरवर चिटपाखरू नाही! टर्मिनलवर क्रोशाचं कव्हर, त्यावर गेल्या दसऱ्याचं कुंकू, स्क्रीन काळाकुट्ट. म्हटलं हे बंद आहे. परत आलो, मशीनला विचारलं, तेच उत्तर. परत गेलो. तीन वेळा, आणि साहेब मागून "दो बज गया, भिकाजी..." शेवटी वैतागून त्या डबड्यावर हात टेकला, तर गरम! कव्हर काढलं, उजेडाचं बटण फिरवलं, आणि हळूहळू हिरवी अक्षरं वर आली... तांडेल वनमाला. क्रमांक बारा.

म्हणजे कळलं का? बाईने आदल्या संध्याकाळी स्वतःचा अर्ज भरला आणि सेव्ह दाबलंच नाही! वर उजेड मारून, कव्हर घालून गेली नारळ सोडायला.

आता बघा हं. तिचं सेव्ह दाबलं तर बारावी ती, तेरावा मी. वायर ओढली तर तिचं नाव पुसलं, बारावा मी. कोणाला पत्ता लागणार नव्हता. साहेबांनी तर तोंडाने सांगितलेलं, बंद करून चालू करा! मला भांडुपची खोली दिसायला लागली, खिडकीसकट. हात वायरीला पोचलासुद्धा. खोटं कशाला बोलू, वायर धरली होती मी...

पण तिच्या घरी माणसं नऊ. मीच आदल्या संध्याकाळी तिच्या टेबलावरच्या अर्जावर खाडाखोड बघितलेली, आठ खोडून नऊ केलेले.

दाबलं सेव्ह. स्क्रीन कोरा झाला, आणि पलीकडून सुगंधा ओरडली, "चाललं रे! भिकाजी, तुझा तेरावा!" यादी पावणेतीनला गेली. साहेब म्हणाले, "देखा? काहीच नव्हतं झालं."

दुसऱ्या दिवशी वनमाला आली, कव्हर काढलं, कोरा स्क्रीन बघितला आणि अख्खा मजला डोक्यावर घेतला. "माझं नाव पुसलंस मेल्या! बारावा होता माझा!" अगं, पण मी दहादा शिकवलंय, भरा, तपासा, सेव्ह दाबा, मग दाबलं का नाहीस? तर म्हणते कशी, "ते दाबलं की नाव दिसेनासं होतं रे. दिसत नाही त्याचा भरवसा काय?" मी यादी पुढे धरली. तिने बोट ठेवून स्वतःचं नाव दोनदा वाचलं. मग बोट एक ओळ खाली सरकलं, आणि थांबलं.

"तुला माहीत होतं?"

म्हटलं, मशीन अडलं होतं, मला मशीन चालू करायचं होतं.

तिने डब्यातल्या नारळाच्या सगळ्या वड्या कागदात बांधून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि गेली.

वड्या घरी नेल्या. जिन्यात बसून बायकोने एक खाल्ली, बरी झालीय म्हणाली, आणि मग विचारलंच, "आपलो नंबर कितवो लागलो?"

म्हटलं तेरावा. काय करणार गं... मशीनचा दोष.