एक्केचाळिसावा दात

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजी-आजोबा नंबराची वाट बघत होते.

"अहो, आपल्या नातीचा डेंटल कॉलेजातला प्रयोग अडलाय. माणसांचे दात पुरेसे मिळत नाहीत, म्हणून पोरीने खाटकाकडून बैलांचे चाळीस दात जमवून घरच्या फ्रिजमध्ये बरणीत ठेवले होते."

"मग?"

"काल मोजले तर एक्केचाळीस! जादाचा एवढुस्सा. तिचे सर म्हणाले, वासराचा दिसतोय."

"असेल की. वासरूही असतं कळपात."

"पण त्याच्यावर तंबाखूचे डाग, तेही ताजे! सर डोक्याला हात लावून बसलेत. पोरगी खाटकाशी भांडून आली... तुम्ही तोंडावर हात का धरलात?"

"अगं, परवा माझा दात पडला ना, तो हरवू नये म्हणून..."

"त्या बरणीत टाकलात?"

"दातांच्याच बरणीत ठेवला. माझं काय चुकलं? सांगतो तिला, दात आजोबांचा आहे म्हणून."

"सांगा ना. पण तंबाखू तर तुम्ही ती जन्मली तेव्हाच सोडली होतीत!"

"आपला नंबर आला वाटतं."

"अहो, बसा! आत पेशंट आहे अजून!"

"असू दे. मी आतच थांबतो."