आमचं बावखल सोडून

इंग्रजीत ‘सोडून’ला काय म्हणतात, ते मला विचारूच नका. माझा अख्खा हिवाळा त्यात गेलाय.

पेपर होता आमच्या नंदाखाल गावातल्या बावखलांवर, म्हणजे वाड्यांमधल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांवर. निष्कर्ष एका ओळीचा: सगळी बावखलं खारी झालीत, काकाचं सोडून. मी लिहिलं ‘एक्सेप्ट’.

गाइड मॅडम म्हणाल्या, "एक्सक्लूडिंग कर." केलं.

"अगं, त्याने तू ते तपासलंच नाहीस असं वाटतंय. ‘विथ द एक्सेप्शन ऑफ’ लिही." लिहिलं.

"फार लांबलं गं. ‘अदर दॅन’ बघ."

इकडे काका केळींना पाणी सोडता सोडता रोज विचारायचा, "आमचं वेगळं लिहिलंस ना?"

"शब्द ठरत नाहीये, काका."

"त्यात ठरवायचंय काय? आमचं सोडून, असं लिही की!"

शेवटी फिरून ‘एक्सेप्ट’वरच आलो. पेपर पाठवायच्या आधी मॅडम म्हणाल्या, काकाचं पाणी एकदा परत तपासून घे. घेतलं. तेही खारं निघालं. जिभेला अजून कळत नाही, पण मशीनला कळतं.

मी रडवेली होऊन मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, मग सुटलं की वाक्य! सरळ ‘ऑल’ लिही."

लिहिलं, आणि काल पाठवलंही. काकाला सांगायचा धीर अजून झालेला नाही. आज सकाळी तो केळींतूनच ओरडला, "गेलं का गं तुझं? सगळी खारी, आमचं सोडून, ना?"