माझ्या वाट्याचे वीस विग

— थांबलात का? वाचा की, वाचा. फक्त मान हलवू नका, बाईसाहेब, दोन्या पेलाहिया, भांग वाकडा जातो, मग ऑफिसात सांगत सुटाल की बिंदांगला आता दिसत नाही म्हणून. तुम्ही तुमचे कागद तपासा, मी तुमचं डोकं बघते. उद्या छापायला जाणार ना ते सरकारी आकड्यांचं पुस्तक? मग मोठ्यानं वाचा, म्हणजे माझ्या देशात काय काय आहे ते मलाही कळेल, जन्म गेला इथं, कुणी सांगितलंच नाही. क्षेत्रफळ — बरं. किनारा — बरं. माणसं किती? एवढी? कुणी मोजली? आमच्या आळीत तर कुणी फिरकलं नाही. आलं होतं? असेल, मी बाजारात असेन. आणि नळाचं पाणी किती घरांत म्हणालात? — नाही हो, हसले नाही, खोकले. त्या कोपऱ्यातल्या बादल्या दिसतायत ना, त्या मी डोक्यावरून आणते, चढ चढून. तुमच्या पुस्तकातलं पाणी एकदा आमच्या नळाला दाखवा, बिचारा विसरलाय पाणी म्हणजे काय ते. वीज? वीज वाचू नका. शेजारच्या जनरेटरच्या आवाजात मला ऐकूच यायची नाही.

कोण? पडद्यामागं? ती होय, सालोमे. माझ्या बहिणीची मुलगी. चार दिवस आलीय. — मागच्या खेपेलाही होती? हो, तेव्हाही चार दिवस आली असेल. तुमचं लक्ष फार बाई! मान सरळ. ही बट जरा ओढणार आहे मी, दुखेल, दुखल्याशिवाय वेणी टिकत नाही. आता तो मधला आकडा पुन्हा वाचा, तो भला मोठा. दरडोई उत्पन्न — हां, तोच. म्हणजे प्रत्येक डोक्यामागे? माझ्याही? लहान पोरांच्याही? म्हणजे त्या पडद्यामागच्या पोरीनं वर्षभरात एवढे कमावले! कुठं लपवलेस गं बये, सांग तरी, चादरीखाली की काय? — कळतं हो, सरासरी असते ती. सरासरी मला चांगली कळते. समोर बंगला आहे ना, पांढऱ्या कुंपणाचा, नाव घेत नाही, भिंतींना कान असतात, त्या घरच्या बाईकडे चाळीस विग आहेत. मीच धुते, मीच विंचरते, म्हणून माहीत. माझ्याकडे एकही नाही. आता तुमच्यासारखं शिकलेलं माणूस आलं — चाळीस आणि शून्य, भागिले दोन, प्रत्येकीकडे वीस. हिशोबात चूक आहे? नाही. पण मी कुणाच्या दारात गेले, म्हटलं, बाई गं, डोक्यावर घालायला एखादा जुना विग दे, तर ती म्हणते, लाज नाही वाटत बिंदांग? तुझ्याकडे वीस आहेत!

हसा, हसा. मीही आधी हसायचे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा — आपल्या देशाचं तसं आहे, सगळे हसतात, मग घरी जाऊन माशाच्या कालवणात पाणी वाढवतात. पण त्या वीस विगांनी माझा गळा आवळलाय, दोन्या. सांगते. स्पेनमध्ये एक संस्था आहे, गरीब देशातल्या पोरांची हृदयं फुकट दुरुस्त करते. विमान त्यांचं, ऑपरेशन त्यांचं, पोर बरं होईपर्यंत तिकडच्या एखाद्या घरात ठेवूनही घेतात. आपल्या इस्पितळातल्या त्या क्युबाच्या डॉक्टरनं माझ्यासमोर फोन लावला. तिकडची बाई काय गोड बोलत होती! वय विचारलं, वजन विचारलं. म्हणाली, नखं निळी होतात का? होतात, म्हटलं, शाईत बोटं बुडवल्यासारखी. म्हणाली, चालता चालता मध्येच उकिडवी बसते का? बसते हो, बसते! इथं लोकांना वाटतं पोर रस्त्यात खेळायला बसली, दोन जणांनी तर शिव्या घातल्या, गाडीखाली येशील म्हणून. आणि त्या बाईला मी न सांगता कळलं. मला इतका आनंद झाला, वाटलं, आता झालंच काम. मग तिनं विचारलं, देश कोणता. सांगितला. मग म्हणाली, तुमचा देश आमच्या यादीत बसत नाही, तुम्ही श्रीमंतांत मोडता. मी म्हटलं, अहो बाई, ही पोटात होती तेव्हा मी आठ-आठ तास उभी राहून दुसऱ्यांच्या वेण्या घालत होते, मला बसायला स्टूल नव्हतं, आणि —

बहिणीच्या. बहिणीच्या पोटात होती म्हणतेय मी.

जाऊ दे. काय लपवायचं तुमच्यापासून, तुमच्या डोक्यातला उवांचा काळही मी पाहिलाय. माझी आहे. माझीच आहे सालोमे. सख्खी बहीण नाही मला, कधी नव्हती. का खोटं बोलले ते विचारू नका, आधी मला सांगा — तो आकडा खाली आणता येईल का? थोडासा. यादीत बसण्यापुरता. उद्या छापायचंय म्हणजे आज हातात आहे तुमच्या. कुणाला कळतंय? शून्यं फार आहेत, एक कमी करा. — नोकरी जाईल, बरोबर आहे. बरं, मग दुसरं ऐका, यात खोटं काहीच नाही. समुद्रातून काढलेल्या तेलाचे पैसे तुम्ही भागता ना माणसांनी? मग माणसं वाढवा की! माणसं वाढली की वाटा लहान झाला, एवढं तर मलाही कळतं, सुरमई एक आणि ताटं दहा. आपल्या फांग जमातीतल्या माणसाला विचारा घरात किती जण, तो मेलेला आजोबा धरूनच सांगतो — आजोबा काय घर सोडून गेलाय का? त्याला मोजा. परसात पुरलेली सगळी मोजा. माझ्या आईला मोजा, ती मोजणाऱ्यांची वाट न बघता गेली. — मान हलवू नका म्हटलं ना! नाही म्हणायचं तर तोंडानं म्हणा.

काय? आकडा खाली आलाच आहे? कधी? तेल कमी झालं म्हणून? — अहो मग हे आधी का नाही सांगितलं! नाही, तेल आटलं ते मला माहीत आहे, हिचा बाप समुद्रातल्या त्या लोखंडी माचावर भांडी घासायला होता, त्यांनी सगळ्यांना घरी पाठवलं, तो पुढे गाबोनला गेला तो गेलाच. पण त्याचा असा उपयोग असेल हे ध्यानात आलं नव्हतं. मग झालं ना? यादीत आलो? — अजून नाही. अजून नाही म्हणजे? अजून किती गरीब व्हायचंय हो आम्ही, सांगा तरी, मी कंबर कसून लागते कामाला. आणि यादी तुम्ही नाही करत. ते बाहेरचे करतात, कित्येक वर्षांची बेरीज बघून करतात. बरं. हळू सांगा. म्हणजे आज तुम्ही मनावर घेतलंत तरी तिकडे वाचायला — हो. कळलं. त्या डॉक्टरनं इतकी वर्षं दिलेली नाहीत तिला. तो म्हणाला, पुढच्या पावसाळ्याच्या आत. आणि इथल्या त्या काचेच्या इस्पितळाचं नाव काढू नका, तिथं दरवाजातच अनामत मागतात, आणि एवढं करून हृदयाला ते हात लावत नाहीत.

हे बघा, उचलले मी हात. अर्धं डोकं विणलंय, अर्धं मोकळं. कुणाला तरी फोन लावा, तुमच्या साहेबांना लावा, मंत्र्यांना लावा, म्हणा की एक पोर आहे, नाही तर मी बोट लावणार नाही. उद्या अशाच जा ऑफिसात, कोंबडी अर्धी सोलून सोडल्यासारख्या. — जाल? उठताय? बसा हो. बसा, बसा, माझं तोंड आहे हे असं. पाया पडते. मला माहीत आहे तुम्ही वाईट नाही. कुणीच वाईट नाही, तीही स्पेनमधली बाई वाईट नव्हती, फोनवर रडली बिचारी. सगळे रडतात आणि यादी वाचून दाखवतात.

बसलात ना? विणते. ऐका आता, खोटं का बोलले ते. माझी एक लांबची बहीण आहे, ओदिल. कामेरूनमध्ये, आंबामला. नदीच्या पलीकडे हो, तिथंही आपलेच फांग, कूळ तेच, बोली तीच, गोऱ्यांनी मध्ये रेघ ओढली म्हणून ते फ्रेंच बोलतात आणि आपण स्पॅनिश. त्यांचा देश यादीत आहे. ओदिल म्हणाली, पोर माझ्या नावावर कर, मी म्हणते माझी मुलगी. कागद झालेत तिकडे. सालोमे आता ओदिलची. न्यायला आलीय ती इथं, आज संध्याकाळच्या बोटीनं हे बेट सोडून पलीकडच्या किनाऱ्याला, बाताला, तिथून गाडीनं सीमेपलीकडे, मग तिकडच्या शहरात संस्थेची माणसं येऊन पोराला प्रश्न विचारतात. आणि अडलंय सगळं तिथंच. आपल्यात आईला आई आणि आईच्या बहिणीलाही आईच — तुम्हीही तशाच वाढलात ना? मावशी हा शब्दच कुठं आहे आपल्या घरात? ओदिलच्या शेजारणीनं असंच एक पोर नेलं होतं. संस्थेच्या माणसांनी विचारलं, ही कोण? पोर म्हणालं, आई. आणि घरी कोण आहे? तिथं पण आई. कोणती खरी? दोन्ही. झालं, नाव कापलं. तेव्हापासून ओदिलनं बजावलंय, तुला मावशी म्हणायला शिकव, घोटून घे, आई हा शब्द तुझ्यासाठी तिच्या तोंडून येता कामा नये, झोपेतसुद्धा नाही.

शिकवतेय. रोज शिकवतेय. मी कोण? मावशी म्हण. ती हसते, म्हणते आई. तळलेला गोड गोळा दाखवते हातात धरून — बरोबर म्हटलंस तर मिळेल. आई. ओरडले एकदा. आई, ओरडू नको. दोन्या पेलाहिया, तुम्ही कुणाला सांगणार नाही म्हणून बोलते — ती चुकली की मी वरून कपाळाला हात लावते आणि आतून मला बरं वाटतं. असं बरं वाटतं की माझी मलाच भीती वाटते. ओदिल म्हणालीय, बोटीच्या वेळेपर्यंत पोर तयार नसेल तर मी उगाच घेऊन जाणार नाही, एकदा नाव कापलं की कायमचं. म्हणजे ती आज चुकली तर राहील. राहील आणि — नका बोलू. मला माहीत आहे आणि काय ते. आणि बरी होऊन आली तर ओदिलकडेच येणार, कागद तिचे, पोर तिची, मी काय घेऊन भांडायला जाऊ? ओदिलला चार मुलगे आहेत. मुलगी नाही. काल तिनं सालोमेच्या वेण्या सोडल्या आणि स्वतः घातल्या, मला विचारलंसुद्धा नाही. बांधल्यात पण वाकड्या. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात ना, ते म्हणणाऱ्याला बोलावा इथं, त्याला विचारायचंय मला की दोघी एकच असल्या तर कुणी मरायचं.

म्हणून म्हणत होते, आकडा. आकडा खाली आला असता तर हे काहीच करावं लागलं नसतं. जशी आहे तशी गेली असती, माझ्या नावानं, आणि आली असती.

— आली बघा ओदिल. बाजारातून आली, मासे घेतलेत प्रवासाला. बस गं ओदिल, या आपल्या दोन्या, परक्या नाहीत. काय? आत्ता? यांच्यासमोर? — अगं, पण तिकडे तरी परक्याच बायका विचारणार, हो, ते खरं. बरं. सालोमे! ये गं बाहेर. हळू. बस, बस उकिडवी, श्वास येऊ दे, कुणाला घाई नाही. बघितलंत ना दोन्या, नखं? आता मी काय विचारते त्याचं उत्तर द्यायचं. — ही कोण? बरोबर, आई. शाबास. आणि मी? माझ्याकडे बघ. ओदिलकडे नको, माझ्याकडे. मी कोण गं तुझी?

...

ऐकलंत? तुम्हीही ऐकलंत ना? मावशी म्हणाली. हो, ओदिल, ऐकलं मी, बहिरी नाहीये. अडखळली नाही, हसली नाही. हो, तयार आहे. बोलाव टॅक्सी. पिशवी पडद्यामागं आहे, स्वेटर वरच ठेवलाय. जा तू, टॅक्सी बघ.

हा घे तुझा गोळा. बोलल्याप्रमाणे. दोन घे. गरम नाहीये आता. — काय गं? काय म्हणालीस?

तिनं विचारलं, बरोबर म्हटलं ना, मावशी. ओदिल बाहेर गेलीय, आता कुणी विचारलं नव्हतं हिला. गोळा तर हातात आहे. हो गं राणी. बरोबर म्हटलंस. अगदी बरोबर.

उठा, दोन्या पेलाहिया. डाव्या बाजूचं राहिलंय, दिसतंय मला. बोटं चालत नाहीत आता. तो रुमाल घ्या, बांधा डोक्याला, आणि ते कागद उचला जमिनीवरचे, पाय पडेल कुणाचा तरी. पैसे नकोत. नकोत म्हटलं ना. जा तुम्ही. तिला अजून वेणी नीट घालून द्यायचीय मला, टॅक्सी यायच्या आत. जा ना बाई.