शेजाऱ्याला आलेला फोन

आमच्या तंजावूरच्या फोनची गंमत तुम्हाला सांगितली का? घरी फोन असेल त्यानं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलंच पाहिजे, असा नियम तेव्हा गावात नुकताच लागू झाला होता. अप्पा म्हणाले, "शाळामास्तरच्या पेन्शनीकडे कोण बघतंय?" आणि भरलं नाही.

गल्लीत फोन एकट्या आमच्याकडे. शेजारी वीणा बनवणारे षण्मुगम राहायचे, त्यांनी तर आमचाच नंबर आपल्या कार्डावर छापला होता.

एकदा त्यांना फोन आला. आईनं नेहमीसारखी खिडकीतून हाक मारली, तसे ते हातातला रंधा ठेवून धावत आले. कुणाचा फोन, काय काम, याची आम्हाला भारी उत्सुकता. अप्पासुद्धा पेपर खाली ठेवून जवळ सरकले. पलीकडचा आवाज खणखणीत होता.

"इन्कम टॅक्स ऑफिसातून बोलतोय. तुमच्याकडे फोन आहे, मग रिटर्न का नाही भरलं?"

"माझ्याकडे फोन नाही, सार."

"मग आत्ता बोलताय कशावर?"

षण्मुगमनी एकदा रिसीव्हरकडे बघितलं. मग त्यांनी तो अप्पांच्या हातात दिला आणि अदबीनं म्हणाले, "मास्तर, फोन तुम्हालाच आहे."