वासराचं नाव

धुळे स्टँडवर शिरपूरची गाडी लागेना. रतिलालने पेपर तोंडासमोर धरला होता. कान मात्र शेजारी. तिथे पोराला भेटून निघालेली झुंबरबाई होती आणि तिला पोचवायला आलेले रिमांड होमचे मास्तर.

“मास्तर, पोऱ्याना पाढासनी कॅसेट तुम्हीन माले ऐकाले दिधी, नि मन्हा हाते लाल बटन दाबाई गयं. पाढा पुसाई ग्यात, मन्हं बोलणं भराई गयं.”

“कॅसेट परत आली तेव्हा ऐकलं मी. गाय व्यालीय, वासराचं नाव तूच ठेव, म्हणालात.”

“पोऱ्या चिडना का?”

“पाटीला हात न लावणारा पोरगा! टेप थांबवून थांबवून तुमचा शब्द न् शब्द लिहून काढला त्याने.”

“काय माय!”

“पण गावात टेप कुणाचा?”

“निंबा आबाना. पोऱ्यानी चोरेल व्हता, तोच.”

“त्यांनी दिला?”

“सोता वाजाडस. रोज इचारस, नवी कॅसेट कव्हय येई?”

“ही घ्या. भेटीत गप्प होता, सगळं यात बोललाय. वासराचं नाव सांगू?”

“नका, मास्तर. आबा वाट दखी ऱ्हायनात. आम्हीन दोन्ही जन संगेच ऐकसूत.”