आवाज न पोचणारी जागा

—अहो नाही, ढवळू नका! आमच्या लेअर गावात चहा ढवळत नाहीत. साय वर तरंगू द्या, खडीसाखर खाली तडकू द्या, आधी कडू घोट, शेवटी गोड — असा प्यायचा. फ्राउकेनं कासेलचा जावई केला आणि त्याला चहा प्यायला शिकवलं नाही, कमाल आहे माझ्या मेहुणीची. बसा हो जावईबापू. तुमची गाडी खाली उभी आहे, खुर्ची इथे उभी आहे, कोणी पळून जात नाही. वीब्केनं वाचायची खुर्ची तेवढी मागवलीय ना? तेवढीच ना? बघा, म्हणजे बाकी सगळं इथेच आहे तिचं. कपाट आहे, शिवणयंत्र आहे, नवरा आहे. चार दिवस बहिणीच्या शेजारी राहायचं म्हटलं तर पाठीला सवयीची खुर्ची लागते — एवढाच त्याचा अर्थ. कायमचं जाणारं माणूस असं एकेक सामान नेतं होय? तुम्ही असे खाली बघू नका, तुम्ही काल आलेले, तुम्हाला काय कळणार आमच्यातलं.

कशाकडे बघताय? हो, दारंच आहेत ती. बिजागऱ्यांच्या खाचा अजून दिसतात बघा. लोक स्पीकर खोक्यात बसवतात, आणि मग तो खोका आतल्या आत घुमतो, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा — मी म्हटलं खोकाच नको. नुसती उभी फळी, तिला भोकं, भोकात स्पीकर, पाठ उघडी. पुढून जेवढा आवाज तेवढाच मागून. संगीत कसं, मोकळ्या माळावर वाजल्यासारखं! आता फळी कुठून आणायची? नवीन आणली असती, नाही असं नाही, पण शिवणाच्या खोलीचं दार नुसतं पडून होतं. म्हणजे चौकटीत होतं, पण नेहमी उघडंच असायचं की ते! जुनं, जड, वाळलेलं लाकूड — असं लाकूड आता मिळतं का? नाही मिळत. दुसरं कोठीघराचं. एक दार कापलं म्हटल्यावर जोडीला दुसरं लागणारच, एका कानानं ऐकायचं का? आमच्या ऐकणाऱ्यांच्या मंडळात एक हिनर्क आहे, खडूस मेला, तो म्हणाला, 'डेटलेफ, न्हाणीघराचं तेवढं शाबूत ठेव, आम्हाला येणंजाणं असतं.' हसले सगळे. वीब्केही हसली. तेव्हा हसायची ती.

आणि ही फळी भिंतीला टेकवून नाही चालत. मागचा आवाज भिंतीवर आपटून लगेच परत आला की सगळा चिखल होतो, म्हणून पार खोलीच्या मध्यात आणावी लागते. सोफा? सोफा गॅरेजमध्ये आहे. जेवायचं टेबलही. आता दोघंच तर होतो आम्ही, स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून जेवलं तर काय बिघडतं? उलट पचन चांगलं होतं. द्या कप, दुसरा ओततो. घ्या हो.

मग शिवणाच्या खोलीला दार नाही, वीब्केला वाचायला शांतता नाही — पण मी काही दगड नाही जावईबापू. मी तिच्यासाठी शोधून काढली शांतता. उठा. बसा त्या खुर्चीत. बसा हो, न्यायची आहे म्हणून काय झालं, बसल्यानं झिजत नाही. आता मी सेलोची रेकॉर्ड लावतो. हं. इथे माझ्या जागी बघा कसा पोटात शिरतो तो — आणि तुमच्याकडे? थोडं मागे सरका. दोन्ही फळ्यांच्या रेषेत या, कडेला. अजून. आता? गेला ना आवाज? गेला की नाही! असं असतं, की फळी पुढून ढकलते तेव्हा मागून ओढते, आणि बरोब्बर कडेला ते ढकलणं नि ओढणं एकमेकांना गिळून टाकतं. तिथे उरते नुसती कुजबुज. एक अख्खा रविवार घालवला मी ती जागा शोधण्यात, गुडघ्यांवर रांगत, एक कान बंद करून. मग खुर्चीच्या पायांभोवती गालिच्यावर खडूनं खुणा केल्या. म्हटलं, वीब्के, एवढ्या गोंगाटात अशी जागा कुणाच्या नवऱ्यानं दिलीय बायकोला? ती पुस्तक घेऊन बसली. कोणी म्हणेल बायकोला कोपऱ्यात टाकली. टाकली नाही हो! घरातली सगळ्यांत निवांत जागा ती.

तिथून काय दिसतं? मी दिसतो, दुसरं काय. समोर. डोळे मिटलेला. नाही, मी नाही कधी बसलो तिथे. कशाला बसू? तिथे काही ऐकूच येत नाही.

फक्त एक झालं — हे काही सांगण्यासारखं नाही, पण फ्राउकेनं तिखटमीठ लावून सांगितलंच असेल, तर खरं काय ते ऐकून घ्या. एकदा संध्याकाळी वीब्के बोलत होती म्हणे. तिच्याकडे सेलो जवळजवळ नाहीच, ती तर साध्या आवाजात बोलणार ना, शांत खोलीत बोलतो तशी! आणि मी इकडे सेलोत बुडालेलो. ती म्हणत होती, ऑल्डेनबुर्गला फ्राउकेच्या शेजारचं घर रिकामं झालंय. घेऊ का? मी मान डोलावली. तिनं विचारलं, एकटीसाठी घेऊ का, डेटलेफ? मी डोलावली. तिनं विचारलं, तुझी काही हरकत नाही ना? तिथे तर तो सेलो असा वर चढतो, की कोणाचीही मान जाईल — गेली माझीही. झालं! तिनं त्या घराची किल्ली आणल्यावर मला कळलं. मी म्हटलं, अगं निघालीस कुठे? तर म्हणते, तू हो म्हणालास. तीनदा.

मग मी काय करणार? खरं ते सांगितलं. म्हटलं, वीब्के, ती मान तुझ्यासाठी नव्हती, सेलोसाठी होती, मला तुझं अक्षरही ऐकू आलं नाही. म्हटलं आता हसेल, म्हणेल काय हा गोंधळ, आणि पिशव्या खाली ठेवेल. तोवर नुसत्या खांद्याला अडकवून उभी होती हो ती, दाराकडे वळलीही नव्हती. हे ऐकलं नि वळली. मला तर अजून समजत नाही. गैरसमज दूर केला की माणूस थांबतं ना? तुम्ही सांगा. नाही, नका सांगू.

चमचा टाकलात कपात? बरं. म्हणजे पुरे झाला चहा. आमच्याकडे चमचा पडला की यजमानानं ओतायचं थांबायचं. उचला मग. हाताला धरू नका, हात सैल आहे, बुडाखालून धरा. मी पुढचे पाय घेतो. हळू. हं, जिन्याच्या तोंडाशी ठेवू एवढ्यात. घामेजलात.

थांबा. इकडे या जरा. हा कोपरा बघा. बघा की! एवढी जागा होती इथे? कित्येक वर्षं मी घोकतोय, डावी फळी जरा बाहेर सरकली पाहिजे, जरा बाहेर — आणि दर वेळी त्या खुर्चीला अडकायचं सगळं. धरा खालून. एक, दोन — हां, अजून, खडूच्या खुणांवर आली तरी चालेल, पुसल्या जाऊ देत. बस्स. आता हलू नका.

श्शू.

आला! अहो, आला! भिंतच नाहीशी झाली, सेलो पार बाहेर नदीच्या बांधावर जाऊन बसला — वीब्के, ऐकतेस ना, वीब्—

काय बघताय असे? सवय असते माणसाला. जा तुम्ही. जिना अरुंद आहे, खुर्ची आडवी करा.